फुगोबा जेवत नाही

३ तारीख, सोमवार

टाकीवाला म्हणाला, रोजचं रोज लिहून ठेवा. पाणी किती गरम, किती खारट, माशानं काय खाल्लं, कुठे बसला. म्हणून ही वही.

पाणी गरम हवं तेवढं. खारट हवं तेवढं. खाल्लं काहीच नाही. दगडाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसलाय.

लिहून झालं. पण पान एवढं मोठं आहे आणि माझा जीव इतका जळतोय की थांबवत नाही. मासा म्हणजे आमच्या दातांच्या दवाखान्यातला फुगोबा. समुद्रातला फुगा मासा, अंगभर काटे, घाबरला की चेंडू. पेशंट बसतात त्या खोलीत, माझ्या टेबलाच्या बरोबर समोर त्याची टाकी. थोरल्या डॉक्टरांनी हौसेनं आणलेला. दाढ धरून आलेली माणसं याच्याकडे बघत बसली की कण्हायची विसरतात, हे मी रोज पाहिलंय. सकाळी मी कुलूप काढून आत आले की हा काचेशी यायचा आणि मी डबा उघडेपर्यंत डोळे गरगर फिरवायचा. आता येत नाही. पोट खपाटीला गेलंय, रंग उडालाय.

आज छोटी डॉक्टर माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. छोटी म्हणजे थोरल्यांची लेक. "काकू, महिनाअखेर ही टाकी काढायची. तिथे स्क्रीन लावतोय. मासा तसाही..."

"तसाही काय?"

"जाऊ दे."

जाऊ देणारी मी नव्हे. "तो जिवंत आहे तोवर टाकी हलणार नाही," म्हटलं. चार पेशंटांसमोर म्हटलं. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतील तर झोंबू देत. ती फ्रॉक घालून इथे खडूनं फरशीवर चित्रं काढायची तेव्हापासून मी या खुर्चीवर आहे.

५ तारीख, बुधवार

टाकीवाल्याचं म्हणणं, पोटात जंत. औषध मोठ्या टाकीत घालता येत नाही, दगडांवरचे बारीक जीव मरतात. म्हणून फुगोबाला वेगळं ठेवायचं. जागा कुठे? मागच्या खोलीत, जिथे पेशंटांच्या दातांचे प्लास्टरचे साचे ठेवतो. प्लास्टिकचा मोठा टब, हवेची नळी, पाणी गरम ठेवायची कांडी, लपायला फुलदाणीचा तुकडा. भोवती चारी बाजूंना फळ्यांवर शेकडो जबडे दात काढून बसलेले. आजारी जीवाला हे काय दर्शन! पण दुसरी खोली नाही.

थोरल्या डॉक्टरांना सांगायला आत गेले. हल्ली ते अकराला येतात, आतल्या खोलीत बसतात, कुणाच्या तोंडात हात घालत नाहीत. म्हटलं, "डॉक्टर, तुमचा मासा मरायला टेकलाय."

"तू आहेस ना," म्हणाले. उजवा हात खिशात, नजर खिडकीत.

मी आहेच. पण मासा कुणाचा? वर्षभरापूर्वीपर्यंत दोन्ही वेळा स्वतः खायला घालायचे, आम्हाला डबा शिवू देत नसत. मग एक दिवस डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "यापुढे तू बघ." ना कारण, ना काही. मोठ्या लोकांची हौस, दुसरं काय. आली तशी गेली.

चहा नेऊन दिला तर म्हणाले, अर्धाच कप दे. तोही मी बाहेर गेल्यावर प्यायले. पूर्वी आम्ही सगळे एकत्र प्यायचो. आता आम्ही त्यांच्या पंगतीचे राहिलो नाही वाटतं.

८ तारीख, शनिवार

औषध झालं. काही फरक नाही. कोळंबी सोलून, बारीक कापून, चिमट्यात धरून तोंडाशी नेली. बघतो, जवळ येतो, तोंड लावतो आणि मागे फिरतो. खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी असला प्रकार वाटला आधी. पण याच्या डोळ्यांत भूक आहे. मला कळते भूक.

टाकीवाला आला, बघितलं, मान हलवली. "ताई, सोडा नाद. दोन छोटे नारिंगी मासे आणून देतो, पेशंटांची पोरं खूश."

"तुमचे वडील आजारी पडले तर दोन छोटे आणाल का?"

बिचारा चपला घालून निघाला. थोडं जास्तच बोलले. पण मागे घेणार नाही.

१० तारीख, सोमवार

काल सुट्टी असून दवाखान्यात गेले, पाणी बदलायला. मीठ विरघळवून, मोजून, गरम करून घालायचं म्हणजे तासभर जातो. घरी आल्यावर नवरा म्हणतो, "माशाला ताप किती? नाडी बघितलीस?" म्हटलं, "बघितली. तुमच्यापेक्षा बरी आहे." हसला. मग म्हणाला, "अगं, मासा आहे तो. एवढं का मनाला लावून घेतेस?"

त्याला उत्तर दिलं नाही. इथे लिहिते. आज टाकी जाईल. मग माझं लाकडी टेबल जाईल, कारण नव्या स्क्रीनवर पेशंट स्वतःच नाव नोंदवणार म्हणे. मग टेबलामागे बसणारी कशाला हवी? मला भीती वाटते. हे कुणाला सांगणार नाही, पण वाटते. आणि भीती वाटली की मी भांडते, हा माझा जन्माचा स्वभाव.

म्हणून ठरवलंय. हा मासा मी मरू देणार नाही. निदान बसल्या जागी, कुणीतरी 'तसाही' म्हणालं म्हणून तर नाहीच.

१३ तारीख, गुरुवार

आज भयंकर राग आला. लिहिल्याशिवाय जेवण जायचं नाही.

जुने हेडमास्तर आले होते. त्यांची सगळी बत्तिशी थोरल्या डॉक्टरांच्या हातची. म्हणाले, "मी त्यांच्याकडूनच करून घेणार, थांबतो." थोरले आतून बाहेर आले, हेडमास्तरांना बघून चेहरा उजळला त्यांचा. पांढरा कोट घालायला निघालेसुद्धा. तेवढ्यात ही पोरगी मध्ये आली. "बाबा, तुमचा फोन येणार होता ना? सर, या, मी बघते." आणि हेडमास्तरांना दंडाला धरून घेऊन गेली. बाप तसाच उभा, एक हात कोटाच्या बाहीत, एक बाहेर. बराच वेळ बटणांशी खटपट केली, मग कोट काढून ठेवला.

फोन बिन काही आला नाही. मी समोरच बसलेली असते, मला माहीत नाही?

दुपारी तिला एकटीला गाठलं. "स्वतःच्या बापाला असं बाजूला सारतात का गं?"

तिचे डोळे भरून आले. मगरीचे अश्रू. म्हणाली, "काकू, तुम्हाला काही ठाऊक नाही." मला ठाऊक नाही! या दवाखान्यात कुणाच्या कुठल्या दाढेत काय भरलंय तेसुद्धा मला ठाऊक असतं.

आणि थोरल्यांचाही राग आला. वाघासारखा माणूस. त्यांनी एक शब्द बोलू नये? कोट काढून ठेवतात!

फुगोबा: काही नाही.

१५ तारीख, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, माझ्या बाजूनं न सजवता.

छोटी डॉक्टर साचा शोधायला मागच्या खोलीत आली. मी टबाशी बसून फुगोबाची मनधरणी करत होते. तिनं फळीवरून साचा उचलला, जाता जाता टबात डोकावली आणि थांबली. साचा खाली ठेवला. गुडघ्यांवर बसली. "काकू, टॉर्च द्या."

टॉर्च दिला. वाकून, मान तिरकी करून, अगदी पेशंटला बघते तशी बघत राहिली.

"हा तोंड मिटू शकत नाहीये. दात बघितलेत याचे?"

खरंच नव्हते बघितले. फुगोबाला वर एक, खाली एक अशी चोच असते, दातांचीच. ती वाढून एकावर एक चढली होती, पुढे आलेल्या नखांसारखी. तोंडात काही शिरायला जागाच नव्हती. भुकेनं यायचा, तोंड लावायचा आणि घास आत जायचा नाही.

"तुम्ही काय खायला घालता?"

"सोललेली कोळंबी. बारीक करून."

"आणि बाबा काय घालायचे?"

"अख्खे शिंपले. कडाकडा फोडायचा. टरफलं तळाला पडून सगळी घाण व्हायची, म्हणून मी..."

ती हळूच म्हणाली, "याचे दात आयुष्यभर वाढत असणार. टरफलं फोडूनच झिजत असतील."

काखेत कळसा नि गावाला वळसा. दातांचा दवाखाना, भोवती शेकडो जबडे, घरात दोन दातांचे डॉक्टर, आणि आम्ही याच्या पोटाची औषधं करतोय! आणि मी मेली प्रेमानं सोलून सोलून घालत होते. नेहमी काच लख्ख ठेवली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटत होते.

असो. झालं ते झालं. माझ्यामुळे वाढले तर माझ्याचमुळे कापले जातील. तिला म्हटलं, "काप."

"मी माणसांचे दात कापते, काकू."

"माणसांचे बत्तीस असतात. याचे दोनच आहेत. सोपं काम."

ती हसली. किती महिन्यांनी हसताना पाहिली. मग पुन्हा गंभीर झाली. "फार नाजूक काम आहे. खरं तर बाबांनीच... नाही. बाबांना नको."

आता बाबांच्या माशालाही बाबा नकोत! मी तरातरा आतल्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. "डॉक्टर, उठा. तुमच्याइतका हलका हात या गावात कुणाचा नाही. तुम्हीच कापायचे."

त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "मी हात लावणार नाही."

"का?"

"सांगितलं ना. नाही लावणार."

इतकी मिजास! बाहेर येऊन दार आपटलं. मुद्दाम आपटलं.

१८ तारीख, मंगळवार

दुपारच्या सुट्टीत केलं.

छोटीनं दोन दिवस वाचून, प्राण्यांच्या डॉक्टरला विचारून सगळं जमवलं होतं. खरं सांगायचं तर मनापासून केलं तिनं. भुलीला काय, तर लवंगेचं तेल! आमच्याच औषधाच्या कपाटातलं, दुखऱ्या दाढेत ठेवतो तेच. बाटलीत टबातलं कोमट पाणी घेऊन त्यात थेंब घातले, दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवलं आणि ते छोट्या भांड्यात ओतलं. त्यात फुगोबाला सोडला. आधी डोळे वटारून बघितलं आमच्याकडे. मग हळूहळू एका अंगावर कलंडला.

धरायचं काम माझं. हातमोजे, ओलं मऊ फडकं. पाण्याबाहेर काढायचा नाही, हवा गिळून फुगला तर घात. नुसतं तोंड पाण्यावर. माझे हात आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्याच्या खऱ्या कामाला लागले होते. देवाची शपथ, तसूभर हलू दिला नाही त्याला.

थोरले दारात येऊन उभे होते. दोन्ही हात पाठीमागे बांधून, तपासणीला आलेल्या साहेबासारखे. पण डोळे माशावरून हलत नव्हते. "वरचा आधी. थोडाच घे. अजून थोडा. मुळाकडे जाऊ नकोस." छोटी त्यांचा शब्द पडला की कापायची. कट्ट. एक तुकडा उडून फळीवरच्या जबड्यांत जाऊन पडला. कट्ट. मग खालचा.

"थांब!" थोरले ओरडले. "कल्ले बघ. कल्ले थांबले."

खरंच थांबले होते. छोटीच्या हातातली कात्री गळून पडली. ती नुसती "बाबा, बाबा" म्हणायला लागली. मला काय करावं सुचेना.

"अगं, बघत काय बसलीस?" हे मला. "स्वच्छ पाण्यात घे. नळीच्या तोंडाशी धर. पुढे सरकव, हळू. तोंडातून पाणी आत गेलं पाहिजे. परत. परत पुढे."

मी पुढे सरकवत राहिले. मनात एकच, आत्ता नाही हं, आता दात कापल्यावर मरशील तर याद राख. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग कल्ला एकदा उघडला. मिटला. पुन्हा उघडला. मग माझ्या तळहातात त्यानं शेपटीचा एक फटका मारला, आणि मी रडलेच.

छोटी बापाच्या गळ्यात पडली. त्यांनी काही तिला जवळ घेतलं नाही. हात पाठीमागे बांधलेले ते बांधलेलेच. माणूस इतका कोरडा असू शकतो? आणि तरीही, ते नसते तर आज मासा गेला होता. हे दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिलं.

२० तारीख, गुरुवार

तोंड मिटतं. उघडतं. दात छान, सरळ. आणि तरी खात नाही!

कोळंबी टरफलासकट दिली. शिंपला उघडून दिला. चिमट्यात धरून तोंडासमोर नेते, अजिबात हलू देत नाही. माझा हात म्हणजे दगड, सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते मी. बघतो आणि वळतो. नुकतंच दुखलंय, घाबरला असेल, छोटी म्हणते. टाकीवाला फोनवर म्हणाला, इतके दिवस उपाशी राहिले की मग खायचंच विसरतात, आता फार दिवस काढणार नाही.

याला म्हटलं, "ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. आम्ही तिघं तुझ्यासाठी राबलो आणि तू रुसून बसतोस?"

२१ तारीख, शुक्रवार

काही नाही. डोळे खोल गेलेत.

स्क्रीनवाला भिंतीची मापं घ्यायला आला. म्हटलं, "साहेब, आज मापं घ्यायची नाहीत." म्हणाला, "मला बोलावलंय." म्हटलं, "आणि मी परत पाठवलंय." गेला. छोटीला सांगून टाकलं काय केलं ते. वाटलं, आज नोकरी गेली. ती नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "बरं."

२२ तारीख, शनिवार

शेवटचा पेशंट गेल्यावर मागच्या खोलीत बसले होते. चिमट्यात शिंपल्याचा तुकडा, अर्ध्या टरफलासकट. फुगोबा तळाला टेकलेला. हात अवघडला तरी मी धरून होते. म्हटलं, बघू कोण आधी थकतं.

थोरले आत आले. मागोमाग छोटी. टबाशी उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "दे तो चिमटा."

"बाबा, नको," छोटी म्हणाली.

"असू दे गं. किती दिवस लपवायचं हिच्यापासून?"

आणि त्यांनी खिशातून उजवा हात बाहेर काढला.

तो हलत होता. थरथरत होता म्हणणंही कमी आहे. मनगटापासून बोटांपर्यंत एकसारखा, आपल्याच मनानं. त्यांनी डाव्या हातानं तो धरून बघितला, तरी थांबेना. मी चिमटा द्यायला हात पुढे केला तो तसाच हवेत राहिला. अर्धा कप चहा. पाठीमागे बांधलेले हात. कोटाची बटणं. हेडमास्तर. या बाईनं सगळं बघितलं होतं आणि काही म्हणून दिसलं नव्हतं तिला.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "डबा उघडला की अर्धं खाणं जमिनीवर जायचं. पोरीनं सांभाळून घेतलं, कुणाला कळू दिलं नाही. मीच म्हटलं होतं सांगू नकोस म्हणून."

मला छोटीकडे बघवेना. आणि रागही आला, खोटं कशाला बोलू. दोघांचाही आला. वर्षभर मी समोर बसून यांना शिव्या घालत होते, मला एका शब्दानं सांगता आलं नाही? मी काय परकी होते? तसं तोंडावर म्हटलंसुद्धा.

"तू तरी मला डॉक्टर समजत होतीस," ते म्हणाले. "ते बरं वाटायचं."

चिमटा दिला.

चिमटा टबाच्या काठावर टकटक टकटक वाजायला लागला. त्यांनी तो पाण्यात नेला. टोकाचा शिंपला नाचू लागला. खाली, वर, आडवा, पळायला बघणाऱ्या जिवासारखा. माझ्या हातात तासन्‌तास मेल्यासारखा पडलेला तो तुकडा, त्यांच्या हातात जिवंत झाला.

फुगोबाचा एक डोळा फिरला. मग दुसरा. तळ सोडला त्यानं. हळूहळू वर आला, थांबला, अंग आखडलं. शिंपला नाचतच होता, थांबवायचा म्हटला तरी थांबणारा नव्हता.

कडाक!

टरफल फुटल्याचा तो आवाज मागच्या खोलीभर झाला. चिमट्याच्या टोकाला काही उरलं नव्हतं. फुगोबा टरफलं थुंकत, चावत, गिळत होता आणि टबाच्या काठाशी येऊन अजून मागत होता. छोटी एकाच वेळी हसत आणि रडत होती. मी पुढचा शिंपला आणायला धावले आणि दारात अडखळले.

तीन खाल्ले. तिन्ही त्यांच्या हातून. मध्ये मी एक देऊन बघितला तर महाशयांनी ढुंकून बघितलं नाही.

निघताना मी डबा उचलला आणि थोरल्या डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला. "सोमवारपासून सकाळ-संध्याकाळ यायचं. उशीर चालणार नाही."

"अगं, हात हलतो माझा."

"हलू दे," म्हटलं. "त्याला तसाच लागतो."